वाऱ्याला पुरून उरेल असा किल्ट

माझ्या भावानं, डॉडनं, जन्मात आपले गुडघे फक्त डॉक्टरला दाखवले होते, आणि तेही दोन्ही नाही, दुखत होता तेवढा डावा. आमच्या पोर्टक्रेगमध्ये कोळ्यांनी किल्ट, म्हणजे तो चुण्यांचा गुडघ्याएवढा लोकरी घागरा, घालायची रीतच नव्हती. किल्ट घालावा डोंगराकडच्या लोकांनी, पलटणीतल्या शिपायांनी, नाहीतर ज्यांना कामधंदा नाही अशा जमीनदारांनी. आमचे पुरुष कामाच्या दिवशी निळी लोकरी जर्सी घालत आणि रविवारी निळा सूट. लग्नाला तोच सूट, मयताला तोच, आणि शेवटी माणसाला पेटीत ठेवायचं तेही त्याच सुटात.

मग आमच्या लोर्नाचं लग्न ठरलं.

लोर्ना ही डॉडची नात, त्याच्या मुलीची मुलगी. ती लहान असतानाच तिची आई तापानं गेली. बाप तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला. पोरीला डॉडनं वाढवलं, म्हणजे डॉडनं आणि मी. मी त्याच्यापासून दोन दारं सोडून राहते. पोरगी शिकली, इन्व्हर्नेसच्या इस्पितळात नर्स झाली, आणि तिथं तिला फर्गस भेटला. मुलगा चांगला, शाळेत शिकवणारा, पण डोंगरातला. त्यांच्याकडचे पुरुष पाळण्यातून उतरतात ते किल्ट घालूनच, असं आम्ही ऐकून होतो.

लग्न आमच्याच गावात करायचं म्हणून ती सांगायला आली, तेव्हा जाता जाता दारात थांबून म्हणाली, "आजोबा, चर्चमध्ये मला तुम्ही घेऊन जायचं. आणि किल्ट घालून."

डॉड हो म्हणाला. तिला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. पण ती वळणावर दिसेनाशी झाली तसा तो खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "एल्सी, धड किल्ट मिळाला तर मी तिच्याबरोबर चालेन. नाही मिळाला तर सँडी नेईल तिला. त्या डोंगराकडच्या लोकांसमोर माझं सोंग झालेलं पोरीला बघायला लागू नये."

सँडी म्हणजे लोर्नाच्या बापाचा भाऊ. एल्गिनला त्याचं गालिच्यांचं दुकान आहे. तो उठसूट किल्ट घालतो, आणि विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसतो. डॉडला लाज वाटत असेल तर मी आहेच, असं त्यानं कोणी न विचारताच सांगून ठेवलं होतं. लोर्ना मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली होती, "एल्सीआजी, आजोबा नसतील तर मी एकटी चालत जाईन, पण सँडीकाकाचा हात धरणार नाही." हे मी डॉडला सांगितलं नाही. त्याच्या डोक्यावर तेवढं ओझं पुरे होतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते एल्गिनला, भाड्यानं किल्ट देणाऱ्या दुकानात. दुकानदार गुळगुळीत बोलणारा होता. त्यानं कंबर किती म्हणून विचारलं. डॉड म्हणाला, मला माझी कंबर माहीत आहे, आणि आकडा सांगून मोकळा झाला. आता डॉडची पँट गेली कित्येक वर्षं पोटाच्या खाली बसते. तो आकडा तिथला. किल्ट मात्र बेंबीवर बांधायचा असतो, आणि तिथला डॉड निराळाच आहे. दुकानदारानं टेप काढायची तसदी घेतली नाही.

दुकानात आणखी एक अडचण होती. आमच्याकडे अंगावर हिरवं कोणी घालत नाही. बोटीला हिरवा रंग देत नाहीत, मुलींच्या वेणीला हिरवी फीत बांधत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांनी समुद्राचा रंग घालायचा नसतो, एवढंच आम्ही लहानपणापासून ऐकलं आणि त्यावर कधी प्रश्न विचारला नाही. पण हिरव्याचा एक तरी धागा नाही अशी किल्टची चौकडी शोधून बघा. दुकानदार एकेक पुढं टाकत होता आणि डॉड नुसतं बोटानं बाजूला सारत होता. दुकानदाराला वाटलं, म्हातारा फार रसिक आहे. शेवटी एक राखाडी किल्ट मिळाला.

तो घालून डॉड पडद्यामागून आला तेव्हा हसू दाबायला मी ओठ चावला. किल्टचा काठ गुडघ्याच्या मध्यावर यायला हवा. हा नडगीवर आला होता. वर बकलं लागत नव्हती म्हणून तो त्यानं पँट घालतो तिथंच, पोटाखाली बांधला होता, आणि वर पांढरा सदरा फुगला होता. मागून बघितलं तर बसायच्या जागी कापड झिजून चकाकत होतं. किती लग्नांत किती माणसं त्या किल्टात बसून जेवली असतील, देव जाणे. मी जवळ जाऊन वास घेतला. जुन्या रश्श्याचा होता.

"कसा दिसतोय?" डॉडनं विचारलं.

"आपली आई दिसते आहेस," मी म्हणाले. "कपडे वाळत घालायला निघालेली."

त्यानं तो तिथंच उतरवला.

दुसरा किल्ट मिळाला कीथच्या जत्रेत. गुरांच्या बाजारापलीकडे एक माणूस दोरीवर किल्ट टांगून विकत होता, बाजूला टोप्या, बाजूला चामड्याचे बटवे. लाल आणि काळी चौकडी, हिरव्याचा मागमूस नाही. डॉड एकदम खूश. त्यानं ताबडतोब कमरेला लावून बघितला. मी मात्र जन्मभर लोकर विणली आहे. मी चुण्या उलटून बघितल्या. एकेक चुणी बोटाच्या पेराएवढी उथळ, आणि शिवण मशीनची, टाके असे लांब की मधून मासा निसटावा. बकलाच्या जागी चिकटपट्टी, ओढली की चर्र करणारी. मी आतल्या बाजूचा एक सुटा धागा तोडला आणि विक्रेत्याच्या पाईपसाठी ठेवलेली काडी ओढून त्याला लावली. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत भुगा होते. हा धागा वितळला आणि त्याचा एक काळा मणी झाला.

विक्रेता म्हणाला, "आजी, माल विकत घ्यायचा असतो, पेटवायचा नसतो."

मी डॉडला म्हणाले की हा किल्ट नाही, हा पडदा आहे. डॉड म्हणाला, लाल आहे, गुडघ्यापर्यंत आहे, आणि बंद होतो, आणखी काय पाहिजे. खरं तर त्याला ही शोधाशोध संपवायची होती. त्यानं विकत घेतला. मी त्याला घेऊ दिला. मला ठाऊक होतं की तो पुढं काय करणार. आमच्याकडे माणूस नवं मेणकापड घेतो, तेव्हा ते घालून आधी धक्क्याच्या टोकाला जाऊन वायव्येच्या वाऱ्यात उभा राहतो. तिथं टिकलं तर ते मेणकापड. डॉडच्या हिशेबात किल्टलाही तोच कायदा.

सोमवारी सकाळी तो धक्क्यावर गेला. खाली काय घातलं होतं ते सांगून टाकते, कारण गावात सगळ्यांना दिसलंच: घोट्यापर्यंतची लोकरी चड्डी, पांढरी. धक्क्याच्या टोकाला तो पोचला आणि पहिलीच झुळूक आली. झुळूकच म्हणते, कारण नीट वारा अजून सुटायचाच होता. किल्ट समोरून वर गेला आणि त्याच्या चेहऱ्यावर बसला. त्यानं तो खाली ओढला तर मागून वर गेला. मागचा धरला तर चिकटपट्टी चर्र करून सुटली. बर्फाच्या कारखान्यातल्या बायका त्याच वेळी चहाच्या सुटीवर बाहेर बसल्या होत्या. आमच्याकडच्या बायका एरवी पुरुषांच्या तोंडावर हसत नाहीत. त्या दिवशी त्या धक्क्यावर चक्क आडव्या झाल्या.

डॉडनं किल्ट गुंडाळून काखेत घेतला आणि पांढऱ्या चड्डीतच, टोपी नीट करून, सगळ्या गावातून चालत घरी आला. रस्त्यात भेटला त्या प्रत्येकाला त्यानं नमस्कार केला. हे मात्र मानलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत बातमी एल्गिनला सँडीकडे पोचली. त्यानं लोर्नाला फोन केला की माझा किल्ट इस्त्री करून तयार आहे. लोर्नानं डॉडला काही विचारलं नाही. नुसती म्हणाली की आजोबा, तुम्ही ठरवाल ते. तिनं रागवायला हवं होतं, ते त्याला सोपं गेलं असतं. डॉड त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला बसमध्ये घातलं आणि हंटलीला नेलं. हंटली समुद्रापासून आत, गुरांच्या मुलखात आहे. तिथं मिस डॅल्गार्नो हातानं किल्ट शिवते. आमच्याच वयाची, उंच, कॉलरमध्ये चार सुया खोचलेल्या आणि बोटात अंगुस्तान, जे ती चहा पितानाही काढत नसे. तिच्या शिवणकामाच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेची, आणि टेबलावर एक दिवा.

डॉडनं आपली कंबर सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही पँट कुठं घालता ते मला नको," ती म्हणाली. "बेंबी कुठं आहे ते दाखवा."

डॉडनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. त्यानं सदरा वर केला. तिनं टेप लावला, दोन ठिकाणी, मग त्याला जमिनीवर गुडघे टेकायला लावून कमरेपासून जमिनीपर्यंत मापलं. माझा भाऊ एका अनोळखी बाईसमोर गुडघे टेकून बसला होता. मी असं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं कुळ विचारलं, कारण डोंगराकडे प्रत्येक कुळाची चौकडी ठरलेली असते. डॉड म्हणाला, मेअर. ती म्हणाली, मेअर लोकांची स्वतःची चौकडी नाही. डॉड म्हणाला, आमच्या अख्ख्या गावाचं आडनाव मेअर आहे, आम्ही एकमेकांना ओळखतो, चौकडीची गरज पडली नाही. ती पहिल्यांदा हसली. पण लग्नाची तारीख ऐकली तशी तिनं टेप गुंडाळून ठेवला. एका किल्टला आठ वार लोकर लागते आणि हातानं शिवायला महिना. लग्न पुढच्या आठवड्यात होतं.

डॉड उठला. मीही उठले. तेव्हा ती म्हणाली, "थांबा. एक आहे."

तो किल्ट तिनं एका वकिलासाठी शिवला होता. वकील नोकरीला आफ्रिकेत गेला, आणि तिथल्या उन्हात आठ वार लोकर नको म्हणून त्यानं कळवलं. तिनं तो पेटीतून काढला आणि डॉडच्या हातावर ठेवला. वजनानं त्याचे हात थोडे खाली गेले.

मी त्याच्या हातातून घेऊन उलटा केला. चुण्या पंजाएवढ्या खोल. आणि अशा घडवलेल्या की मागून बघताना कापडाची चौकडी तुटत नव्हती, जशी ताग्यावर असेल तशीच अखंड. कमरेच्या आत ताठ कॅनव्हासचं अस्तर, म्हणजे कापड कधी लोंबणार नाही. टाके इतके बारीक की मला चष्मा लावावा लागला. डॉडनं शिवणीवरून अंगठा फिरवला, जाळ्याच्या गाठी तपासताना फिरवतो तसा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं अडला नाही. मी काडी मागितलीच नाही. नुसता नाकाजवळ धरला तरी मेंढीचा वास येत होता.

त्यानं तो पडद्यामागं जाऊन घातला. बाहेर आला तो सरळ. म्हणजे डॉड वाकून चालतो, समुद्रातून शेवंडांचे पिंजरे ओढून ओढून त्याची पाठ तशी झाली आहे. पण त्या किल्टात बेंबीपर्यंत घट्ट पट्टा येतो, माणसाला वाकताच येत नाही. काठ गुडघ्याच्या बरोबर मध्यावर. मी त्याच्याभोवती एक फेरी मारून बघितलं.

"वाऱ्यात कसा राहतो?" डॉडनं विचारलं.

मिस डॅल्गार्नोला हा प्रश्न बहुतेक अपमानाचा वाटला. तिनं मागचं दार उघडलं. मागं अंगण होतं, टेकडीच्या उतारावर, आणि दोरीवर तिच्या चादरी वाऱ्यानं आडव्या उडत होत्या. डॉड त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. किल्ट हलला, पण घंटा हलते तसा. एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि परत आपल्या जागी. डॉडनं एक गिरकी घेतली. मग कोणी सांगितलं नसताना दुसरी घेतली. खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचं रूप दिसलं आणि तो लाजून हसला, लोर्ना जन्मली त्या दिवशी हसला होता तसा.

आणि तेवढ्यात ढग सरकला.

खोलीत काळा-निळा दिसणारा तो किल्ट उन्हात हिरवा होता. थोडाथोडका नाही. निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मधलं सगळं कापड हिरवं, गडद, खोल पाण्यासारखं.

मी पाहिलं. डॉडनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग खाली.

तो आत जाऊन पँट घालून आला. किल्ट त्यानं घडी करून टेबलावर ठेवला, फार हळू. मिस डॅल्गार्नोनं विचारलं की शिवणीत काही खोट आहे का. नाही, म्हणाला. मापात? नाही. मग तिनं सुई कॉलरमध्ये खोचली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्याला सांगावंच लागलं. परक्यांना हे सांगायला आमच्या पुरुषांना फार जड जातं, कारण लोक हसतात.

ती हसली नाही, पण तिला समजेना. "अहो, समुद्र स्वतःच हिरवा असतो," ती म्हणाली.

"तो त्याचा रंग आहे, बाई," डॉड म्हणाला. "त्याचा रंग अंगावर घातला की तो माणसाला आपलं समजतो. आणि मी अजून रोज जातो."

परतीच्या बसमध्ये डॉड टोपी मांडीवर फिरवत बसला. मी मनात म्हणत होते, बरं झालं, वेळेवर ऊन पडलं. माझा नवरा ज्या बोटीवर होता ती परत आली नाही, आणि तिच्यावर हिरवं काहीच नव्हतं. तरी मला विचाराल तर मी हिरव्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. ज्याला जो धाक असतो तो असतो.

रविवारी लोर्ना आली. मी तिला स्वयंपाकघरातच सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. "मी विसरलेच," म्हणाली. "एल्सीआजी, इन्व्हर्नेसला राहून मी हे विसरलेच कशी? फर्गसच्या घरचे सगळेच हिरवे येणार आहेत." मग ती डॉडकडे गेली, त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली की आजोबा, किल्ट सोडा. तुमचा निळा सूट घाला. मला तुम्ही पाहिजे, किल्ट नको.

मला वाटलं, संपलं. डॉडच्या मानेवरचं ओझं उतरलं. पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"सूट नको. मला तोच घालायचाय."

मी हातातली बशी खाली ठेवली. तो आमच्याकडे न बघता बोलत होता. म्हणाला, तो किल्ट घालून चाललं की मागून गुडघ्यांना एकेक लाट लागते. माणूस आपोआप ताठ होतो. म्हणाला, गेल्या वीस वर्षांत मी इतका बरा दिसलो नव्हतो, आणि लोर्नाच्या शेजारी मला तसं दिसायचंय. एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हाताऱ्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणाले. "पंधरवड्यापूर्वी गुडघे दाखवायला लाजून मरत होतास."

"तेव्हा मला माहीत नव्हतं ते इतके चांगले आहेत."

लोर्ना हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पण मला हसू येईना. मी विचारलं, आणि सोमवारी बोटीवर कोण जाणार? समुद्र आंधळा आहे का?

"आंधळा नाही," डॉड म्हणाला. यावर त्यानं बसमध्ये येतानाच विचार करून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. "पण त्याला टेकडीमागचं दिसत नाही."

आमच्याकडे नवरी घरून निघते, सगळ्या धक्क्यानं मिरवत, पुढं बॅगपाइप वाजवणारा, कडेनं उभं गाव, आणि मग चढण चढून चर्चला जाते. चर्च वर टेकडीवर आहे. डॉडचं म्हणणं असं की या वेळी उलटं करायचं. नवरीनं सकाळीच गुपचूप वर शेतावर जायचं, टेकडीच्या मागच्या अंगाला. किल्ट हंटलीहून मागच्या रस्त्यानं तिथंच यायचा. गावात, बंदरावर, घरात त्याचा धागासुद्धा येणार नाही. शेतावरच कपडे करायचे आणि मागच्या वाटेनं, सलगमाच्या शेतातून, चर्चला चालत जायचं. लग्न झालं की किल्ट तिथूनच परत हंटलीला.

लोर्नानं माझ्याकडे बघितलं. ठरवायचं मीच, असं दोघांनी मानलेलं दिसलं. मी बराच वेळ कप धुतले. मग म्हणाले की वाट सगळी आडोशाची नाही. चर्चच्या फाटकाअलीकडे भिंत पडली आहे, तिथून बंदर दिसतं आणि बंदराला तुम्ही दिसता. डॉड म्हणाला, तेवढं भरभर चालू. मी म्हणाले, नवरी भरभर चालली तर लोक काय म्हणतील. त्या जागेचं काही ठरलं नाही, बाकीचं ठरलं.

लग्नाच्या दिवशी लोर्ना पाववाल्याच्या गाडीतून वर गेली, मागं पांढरी चादर अंथरून. मासळीची गाडी रिकामी होती, पण नवरीला त्यातून नेणं बरं दिसलं नसतं. मिस डॅल्गार्नो स्वतः बसनं आली, किल्ट मांडीवर घेऊन. तिचं म्हणणं, पहिल्यांदा घालणारा माणूस हमखास चुण्या पुढं घेतो, आणि तिचा किल्ट असा घातलेला ती बघू शकणार नाही. शेतावरच्या घराच्या दाराबाहेर मला तिचा आवाज ऐकू येत होता, श्वास घ्या, अजून घ्या, आता धरा.

मी पुढं चर्चपाशी आले तर गाव वैतागलं होतं. धक्क्यावर उभं राहून नवरी बघायची सवय, आणि आता चांगले बूट घालून टेकडी चढायला लागली. आमच्या बायका मध्येमध्ये थांबून कमरेवर हात ठेवत होत्या. फर्गसकडची मंडळी आधीच चर्चच्या दारात होती, आडवी हिरवी रांगच्या रांग. सँडीही आला होता. त्याला डॉड दिसला नाही तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मग बॅगपाइप वाजायला लागली आणि सलगमाच्या शेताच्या कडेनं दोघं येताना दिसली.

डॉडला बघून आमच्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. हिरवा रंग सगळ्यांना दिसला. उन्हात दिसणारच. पण तो ताठ चालत होता, किल्ट घंटेसारखा हलत होता, आणि लोर्नाचा हात त्याच्या हातात होता. ती पुढं बघतच नव्हती, सारखी त्याच्याकडेच बघत होती.

ती दोघं पडक्या भिंतीजवळ यायला लागली तसं मला खाली बंदर दिसलं, आणि त्यापलीकडे समुद्र, त्या दिवशी चकाकणारा, एकही लाट नसलेला. बघत असल्यासारखा. मी काही ठरवलं नव्हतं. माझे पायच गेले. मी त्या पडक्या जागी जाऊन उभी राहिले, समुद्राकडे पाठ करून, कोट दोन्ही हातांनी पसरून. माझ्या शेजारी बर्फाच्या कारखान्यातली एकजण येऊन उभी राहिली. मग दुसरी. मग सगळ्याच, खांद्याला खांदा लावून, आमच्या त्या रुंद कोटांची आणि हॅटांची एक भिंतच. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मागून दोनतीन म्हातारे बोटवालेही आले आणि उंच होते म्हणून मागच्या रांगेत उभे राहिले.

डॉड आमच्या समोरून गेला. त्याला आपण भरभर चालायचं ठरवलं होतं ते आठवलं असावं, कारण तो मुद्दाम सावकाश चालला. माझ्याजवळ आल्यावर हळूच म्हणाला, "एल्सी, कोट खाली घे, तुझा परकर दिसतोय."

"तुझ्यापेक्षा कमीच," मी म्हणाले.

मग तो लोर्नाला घेऊन फाटकातून आत गेला. सँडी एका बाजूला झाला. त्याला व्हावंच लागलं.

जेवणाच्या वेळी फर्गसची आई माझ्याजवळ आली. म्हणाली, तुमच्याकडची ही चाल फार सुंदर आहे, नवरीसाठी बायकांनी भिंत करून उभं राहायचं. तिचा अर्थ काय असतो? मी म्हणाले, जुनी आहे, अर्थ आता कोणाला आठवत नाही. त्यानंतर गावात दोन लग्नं झाली, आणि दोन्ही वेळी नवरीनं हट्ट धरला की आम्हालाही भिंत पाहिजे. आता चालच पडली आहे.

डॉड सोमवारी पिंजरे काढायला गेला. मी दुपारपर्यंत धक्क्यावर उभी होते, विणायचं निमित्त करून. परत आला तो मासळी नेहमीइतकीच घेऊन. मी का उभी आहे हे त्यानं विचारलं नाही, आणि मी घरी गेले.

किल्ट त्यानं विकत घेतला आहे, पण तो राहतो हंटलीला, मिस डॅल्गार्नोच्या पेटीत, कारण दुसरीकडे ठेवायचा कुठं. पहिल्या महिन्यात डॉड एकदा गेला. म्हणाला, लोकरीला मधूनमधून हवा दाखवावी लागते, नाहीतर कसर लागते. मग दर पंधरा दिवसांनी जायला लागला. आता दर शनिवारी जातो, दाढी करून, आणि जाताना एक शेवंड कागदात गुंडाळून नेतो. तिथं म्हणे तो किल्ट घालतो, दोघं टेकडीवर फिरून येतात, आणि ती त्याला चहा देते.

मी लोकर जन्मभर हाताळली आहे. कुठल्याही किल्टला एवढी हवा लागत नाही.